बूट वाळेपर्यंत

गजांमागून मेंढपाळ म्हणाला, "मी त्याला खुंट्याने मारलं," आणि एसेनकुलने तेच वाक्य रशियनमधे म्हटलं: मी त्याला खुंट्याने मारलं. 'तो म्हणतो की' असं दुभाष्याने म्हणायचं नसतं. आरोपी 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी' म्हणायचं, आवाज चढवायचा नाही, पाडायचा नाही, पदरचा एक शब्द घालायचा नाही. बावीस वर्षं बिश्केकच्या या न्यायालयात एसेनकुल हेच करत आला होता. त्याने माणसं मारली होती, गुरं चोरली होती, सुनेला जाळलं नाही असं सांगितलं होतं, बाप असल्याचं नाकारलं होतं, आणि संध्याकाळी खोलीवर जाऊन बटाटे उकडून खाल्ले होते. त्या दिवशी वेगळं एवढंच झालं की न्यायाधीशबाई नव्या होत्या, सोमवारीच बदलून आलेल्या. त्यांनी कागदातून मान वर केली, गजांकडे न बघता सरळ एसेनकुलकडे बघितलं आणि विचारलं, "मग तो खुंटा कुठे टाकलात तुम्ही?" एसेनकुलने तोंड उघडलं. पाटात, असं तो म्हणणार होता. शब्द जिभेवर येऊन बसला होता, हाताला ओल्या लाकडाचा गारठाही लागला होता. मग कारकून पोरगी फिसकन हसली, पोलीस हसला, शेवटी गजांमागचा मेंढपाळसुद्धा हसला, म्हणाला, "घ्या, सुटलो मी." बाई लाजल्या, "माफ करा, दुभाषी," म्हणाल्या. एसेनकुलने मेंढपाळाचं ते वाक्यही रशियनमधे सांगून टाकलं, घ्या, सुटलो मी, कारण आरोपी बोलेल ते सगळं सांगायचं असतं. त्यावर कोणी हसलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला आणि आपल्या तळहातांकडे बघत राहिला. खिशातला फोन थरथरला. धाकट्या भावाची बायको झिबेक बोलत होती, रडून झाल्यावर बोलतात तशी. "बाइके, तिने तुमचं नाव घेतलं." मोठ्या भावाला त्यांच्यात बाइके म्हणतात, थोरल्या दिरालाही तेच. "कोणी?" त्याने विचारलं, ते त्याला माहीत असूनही. "उम्सुनायने. सगळ्या म्हाताऱ्यांसमोर. म्हणाली, शपथ एसेनकुल घेईल, दुसरं कोणी चालणार नाही. शनिवारी दहा वाजता." मग, "तुम्ही येणार ना?" "हो," एसेनकुल म्हणाला. कोणी काही विचारलं की तो हो म्हणायचा. हो म्हटलं की माणसं फोन ठेवतात.

बेइशेन, त्याचा भाऊ, शहराच्या उत्तर टोकाला बाइचेचेक वस्तीत राहायचा. गवताळ माळावर सरकारने पट्टे पाडून दिले आणि डोंगरातून, खेड्यांतून आलेल्या लोकांनी मातीच्या विटांची घरं उठवली, ती वस्ती. वीज आली, रस्ता आला नाही, पाणी यायचं ते पाटाने, पाळी लावून. एप्रिलमधे सगळ्या वस्तीने मिळून पाट उपसला होता. उम्सुनाय नावाच्या विधवेच्या कुंपणभिंतीला लागून तो कमरेइतका खोल खणून ठेवला होता आणि भिंतीचा पाया उघडा पडला होता. पाटकऱ्याने सगळ्यांना हात वर करायला लावून ठरवलं होतं, तीन दिवस पाटाचं दार उघडायचं नाही, भिंतीला दगड लागेपर्यंत थेंब सोडायचा नाही. दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारी, कोणीतरी दार उघडलं. पाण्याने पाया खाल्ला आणि भिंत उम्सुनायच्या मुलीवर बसली. बुरुल एकोणीस वर्षांची, शिवणकारखान्यात मशीनवर असलेली, भिंतीखालच्या सावलीत लोकर झोडपत बसली होती. तिची उजवी तंगडी मांडीपासून मोडली. आता मशीनचं पायडल दाबायचं ते डाव्या पायाने, आणि डाव्या पायाच्या बायका कारखान्याला नको होत्या.

दार कोणी उघडलं ते कोणी पाहिलं नव्हतं. बेइशेनची काकडीची रोपं प्लास्टिकखाली सोमवारी हिरवीगार होती, शेजाऱ्यांची मान टाकून पडली होती, एवढंच वस्तीने पाहिलं. उम्सुनाय पोलिसांत जाणार होती. बेइशेनवर आधीच एक खटला होता, ट्रकने एकाचा हात चिरडल्याचा, त्यात शिक्षा लांबणीवर टाकून सोडलेला. हा दुसरा लागला की दोन्ही मिळून तीन-चार वर्षं आत. म्हणून वस्तीच्या अक्सकालांनी, पांढऱ्या दाढीच्या पंचांनी, मधे पडून जुना रिवाज काढला. तपास करायला हाडं लागतात, बूट चिखलात घालावे लागतात. रिवाजाला चहा पुरतो. रिवाज असा की आरोपीने स्वतः शपथ घ्यायची नाही. स्वतःची कातडी वाचवायला कुत्रंही शपथ घेईल. त्याच्या रक्तातला एक माणूस, आणि तो तक्रार करणाऱ्याने निवडलेला, नान हातात धरून सर्वांसमोर म्हणेल, माझ्या भावाने हे केलं नाही. म्हटलं की संपलं. त्या दिवसापासून त्या गोष्टीचा उच्चार लग्नात नाही, मयताला नाही, भांडणातही नाही. बुरुलने लंगडताना कण्हायचं तेसुद्धा बिनकारणाचं कण्हायचं. त्याने शपथ नाकारली तर आरोपी दोषी, उम्सुनाय मोकळी, न्यायालयाचा रस्ता मोकळा. आणि ते न्यायालय म्हणजे हेच, याच बाकाचं. गजांमागून बेइशेन बोलेल आणि एसेनकुल शेजारी उभा राहून म्हणेल, मी.

बुधवारी बेइशेन स्वतः आला. न्यायालयाच्या फाटकाशी आंबट सातूचं पेय विकणाऱ्या बाईजवळ उभा होता, कागदात मटणाचे गरम सामसे घेऊन, तोंडभर हसत. लहानपणापासून तो असाच, संकटात असला की जास्त विनोद करायचा. "बाइके, तुम्ही वाळलात. सरकार खायला घालत नाही काय? एवढ्या लोकांच्या शिक्षा तुम्ही खाता, तरी पोट नाही." दोघे चिनारांखाली भिंतीवर बसले. सामशातली चरबी बोटांवर ओघळत होती. बेइशेनने आपले दोन खाल्ले, मग एसेनकुलच्या हातातल्याकडे बघत म्हणाला, "खा की." एसेनकुलने चावा घेतला. जीभ भाजली हे त्याला थोड्या वेळाने कळलं. "तुम्ही तिथे रोज खोटं बोलता," बेइशेन म्हणाला, "एक माझ्यासाठी बोला."

"मी खोटं बोलत नाही. दुसऱ्यांचं बोलतो."

"मग माझं बोला."

"तू बोल आधी."

बेइशेनचं हसू गेलं. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. ट्रॅक्टरवाल्यांचे असतात तसे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, शहरात यायलाही तेच घातलेले. "सहा आठवडे झाले, बाइके," तो हळू म्हणाला. "वस्तीतल्या कुत्र्यांनीसुद्धा विचारलं. तुम्ही नाही विचारलंत."

एसेनकुलने हातातल्या सामशाचा कागद चारपदरी दुमडला, मग आठपदरी. विचारणं हे वकिलांचं काम, न्यायाधीशांचं काम. दुभाष्याने प्रश्न विचारला तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. हे तो बेइशेनला सांगणार होता. सांगितलं असतं तर तो पुन्हा हसला असता, आणि त्याला ते हसणं नको होतं. "दोन वाजले," तो म्हणाला आणि उठला. मागे वळून पाहिलं नाही, तरी त्याला दिसत होतं की बेइशेन तसाच बसलाय, गुडघ्यांवर हात टाकून, लहानपणी बर्फात बूट हरवून आला होता तेव्हा बसला होता तसा, कोणीतरी रागावेल म्हणून वाट बघत. त्या वेळीही एसेनकुल रागावला नव्हता. त्याने आपले बूट त्याला दिले होते आणि काही न बोलता अनवाणी शाळेत गेला होता, आणि गावभर त्याची तारीफ झाली होती. पायाची दोन बोटं तेव्हापासून बधिर आहेत. त्या बोटांनी त्याला सगळ्यात जास्त सोबत केली असावी.

दुपारी त्याने घटस्फोटाचा एक खटला केला. बायको किरगिझमधे बोलत होती, नवरा गप्प होता. मी याच्याबरोबर राहू शकत नाही, एसेनकुलने तिच्या वतीने म्हटलं. याच खोलीत नऊ वर्षांपूर्वी तो स्वतः उभा होता, त्याची बायको रिस्कुल पलीकडे. न्यायाधीशांनी विचारलं होतं, तुमची हरकत आहे का? आणि तो थांबला होता. कोणीतरी बोलेल, मग तो बोलेल, असा थांबला होता. सवयीने मान किंचित डावीकडे कलती झाली होती, कान पुढे. रिस्कुल आधी हसली, मोठ्याने, भर न्यायालयात. मग ती रडायला लागली, म्हणाली, "बघा, बघा याच्याकडे, हा अजून वाट बघतोय." न्यायाधीशांनी लिहून घेतलं, हरकत नाही. ते चुकीचं नव्हतं. हरकत असते ती कुठून निघते, पोटातून की छातीतून, हे त्याला त्या दिवशी शोधून सापडलं नव्हतं. आजही तो शोधत नव्हता. माणसांना वाटतं बधिरपणा म्हणजे दुःख फार झाल्यावर येणारं काहीतरी. थापा आहेत. एसेनकुलला दुःख फारसं झालंच नव्हतं. त्याच्यावर दुसऱ्यांची दुःखं एवढी साचली होती की स्वतःच्याला जागा राहिली नव्हती, आणि ती सोय त्याला आवडायला लागली होती. रिस्कुललाही ते कळलं होतं, म्हणून ती गेली.

खोलीवर त्याच्याकडे एक जाड वही होती. किरगिझ भाषा सरकारी झाली तेव्हा तो गावच्या शाळेत मास्तर होता. मंत्रालयाने कायद्याच्या शब्दांचा कोश छापला आणि त्यातले शब्द ना जजला कळत ना गजांमागच्याला, म्हणून त्याने स्वतःची वही केली होती. एका बाजूला रशियन, दुसऱ्या बाजूला लोक खरंच बोलतात ते. निवाडा, तडजोड, भरपाई, जबाब, माफी. तंटा मिटवायला त्याच्या लोकांजवळ चाळीसेक शब्द होते, त्याने मोजले होते. गवताच्या तंट्याचा शब्द वेगळा, पोरगी पळवल्याच्या तंट्याचा वेगळा, मेलेल्या माणसावरून चाललेल्याचा वेगळा. मारून मिटवायचं, खाऊन मिटवायचं, सोयरीक करून मिटवायचं, मिठी मारून मिटवायचं. यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ शेवटी एकच निघत होता, की बाईने गप्प बसावं. हे त्याने वहीत लिहिलं नव्हतं, पण उम्सुनायचं नाव ऐकल्यापासून ते त्याला दिसत होतं. आणि एक शब्द होता ज्याला त्याने रशियन बाजूला काहीच लिहिलं नव्हतं. कालिस. दोघांच्या मधे बसणारा, ज्याच्यावर दोन्हीकडचे विसंबतात तो. त्याचा बाप कालिस होता. नारिनच्या कुरणांवरून भांडणं झाली की बापाला बोलवायचे. बाप जायचा, आणि दोन्ही तंबूंत कुठेच चहा प्यायचा नाही. आधी एकेकाला बाहेर न्यायचा, घोड्याच्या बाजूने चालत चालत विचारायचा, तू केलंस का. मग पुढे जाऊन पुन्हा, तू केलंस का. तीनदा विचारायचा. म्हणायचा, माणूस तिसऱ्या वेळेला खरं बोलतो, पहिल्या दोन वेळा तो तुझी किंमत करत असतो. विचारून झाल्यावरच वाटी हातात घ्यायचा. एसेनकुल सहा-सात वर्षांचा असताना त्याच घोड्यावर बसून हे ऐकायचा आणि त्याला वाटायचं, केवढा तहानलेला असेल हा.

आणि त्या रविवारी तो बेइशेनच्या ओसरीत बसून पाच वाट्या चहा प्यायला होता. झिबेकने नूडल्स घालून मटण केलं होतं. जेवणाच्या मधेच बेइशेन उठला, "आलोच," म्हणाला, कोपऱ्यातलं फावडं उचललं. पंधरा-वीस मिनिटांत परत आला. दारात बूट काढले, उलटे केले, त्यांतून पाणी सांडलं, पायरीवर एसेनकुलच्या काळ्या बुटांशेजारी उन्हात उभे करून ठेवले आणि आत येऊन जेवायला बसला. कुठे गेला होतास? एवढाच प्रश्न होता. रोज न्यायालयात लहान पोरंसुद्धा विचारतात असला. एसेनकुलने सूर्यफुलाच्या बिया सोलायला घेतल्या. ऊन चांगलं होतं. बुटांतून वाफ निघत होती. आधी टोकं वाळली, मग घोटे, आणि वर पाण्याची एक पांढरट रेघ उरली, गुडघ्याच्या जरा खाली. पाट बंद आहे, तीन दिवस, भिंतीला दगड लागेपर्यंत, हे झिबेकने सकाळीच सांगितलं होतं. त्याने रेघेकडे बघितलं, बियांची टरफलं बशीत टाकली. कुठेतरी लोकर झोडपल्याचा आवाज येत होता, सपक, सपक, एका लयीत, डोळे मिटावेत असा. बूट पुरते वाळले तेव्हा तो आवाज थांबला आणि दुसरा आला.

शनिवारी दहाला अक्सकालांची खोली भरली होती. शाळेमागे एक लोखंडी कंटेनर, त्याला खिडकी कापलेली, आत गालिचा, भिंतीवर झेंडा. तिघे म्हातारे पांढऱ्या टोप्या घालून बसले होते. मधला सातिबाल्दी, सगळ्यांत मोठा, ऐकू कमी येणारा, प्रत्येक वाक्याला तळहात कानामागे नेणारा. उम्सुनाय उजवीकडे, हात मांडीवर, डोक्याचा रुमाल घट्ट बांधलेला. तिच्या शेजारी, एकटीलाच दिलेल्या खुर्चीत, बुरुल. तिचा पाय समोर सरळ, कुबड्या भिंतीला. बेइशेन रिवाजाप्रमाणे दाराशी, तोंड उघडायचं नाही अशा जागी. झिबेक बाहेर, खिडकीशी.

"आलात, दुभाषीसाहेब," उम्सुनाय म्हणाली. "मला विचारत होते सगळे, याचंच नाव का? मी म्हटलं, शब्दाचा पगार खाणारा माणूस आहे. बघू तरी शब्द कसला आहे."

"उम्सुनाय-एजे, रिवाजात टोमणे नाहीत," डावीकडचा म्हातारा म्हणाला.

"रिवाजात माझ्या पोरीचा पायही नाही. तरी मी आले ना?"

सातिबाल्दीने कानामागे हात नेला. "काय म्हणते?"

"काही नाही, चहा छान आहे म्हणते," डावीकडचा ओरडला.

कोणीतरी नान एसेनकुलच्या हातात दिला. ताजा होता, मधे ठशांची नक्षी, कडा फुगलेली. तो उभा राहिला. सातिबाल्दी म्हणाला, "बोल, बाळा. माझ्या भावाने पाणी सोडलं नाही, एवढंच. मग आपण सगळे हात वर करू आणि विषय संपला." एसेनकुलने तोंड उघडलं. वाक्य साधं होतं, पाच शब्दांचं. त्याने याहून मोठी खोटी वाक्यं दिवसाला पन्नास म्हटली होती. तो थांबला. खोलीत माशी फिरत होती. त्याच्या लक्षात आलं की त्याची मान डावीकडे कलली आहे आणि कान दाराकडे आहे, बेइशेनकडे.

"बोल की," उजवीकडचा म्हातारा म्हणाला.

"तो बोलल्याशिवाय मला बोलता येत नाही," एसेनकुल म्हणाला.

"त्याने बोलायचं नसतं! रिवाज आहे."

"मला येत नाही," एसेनकुल म्हणाला. तो हट्ट करत नव्हता. त्याला खरंच येत नव्हतं.

"बोलू द्या त्याला," उम्सुनाय म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

एसेनकुल भावाकडे वळला. "तू केलंस का?" त्याने विचारलं. बेइशेन हसायला गेला. एसेनकुलने पुन्हा विचारलं, "तू केलंस का?" बेइशेनने खिडकीकडे, बायकोकडे बघितलं. एसेनकुल तिसऱ्यांदा विचारणार होता, पण बेइशेन आधीच बोलला, जमिनीकडे बघत, इतक्या हळू की दारातल्या लोकांनाही अर्धंच ऐकू आलं. "मी सोडलं. तासभरच सोडणार होतो. रोपं मरत होती."

सातिबाल्दीने कानामागे हात नेला. "काय म्हणाला?"

कोणी सांगेना. एसेनकुल सरळ उभा राहिला आणि न्यायालयातल्या आवाजात, न चढवता, न पाडता, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाला, "मी सोडलं. तासभरच सोडणार होतो. रोपं मरत होती." म्हाताऱ्याने त्याच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. इथे थांबायचं असतं. आरोपीचं बोलणं संपलं की दुभाष्याचं संपतं. "बूट गुडघ्यापर्यंत ओले होते," एसेनकुल म्हणाला. "पायरीवर ठेवले होते. पाट बंद आहे हे मला माहीत होतं. लोकर झोडपल्याचा आवाज येत होता. मी विचारलं नाही. बूट वाळेपर्यंत मी तिथेच बसलो होतो."

"हे कोण म्हणतं?" सातिबाल्दीने विचारलं. "हाच म्हणाला का?" त्याने बेइशेनकडे बोट केलं.

"नाही. हे मी म्हणतो."

बाहेर खिडकीशी झिबेकने तोंडावर पदरासारखा रुमाल धरला. उम्सुनायने मुलीकडे बघितलं. एसेनकुलच्या हातातला नान दाबला जाऊन त्याची बोटं आत रुतली होती, गरम मऊ भागात, आणि ती कुठे पुसावीत ते त्याला कळत नव्हतं. बुरुलने कुबडी ओढून घेतली पण उठली नाही. इतक्या दिवसांत ती या खोलीत एकदाही बोलली नव्हती, तिला कोणी विचारलंही नव्हतं. तिने त्याच्याकडे बघितलं, रागाने नाही, काहीतरी जुळवून बघतात तसं.

"किती वेळ लागला?" तिने विचारलं. "बूट वाळायला?"

"तास," एसेनकुल म्हणाला.

"मी तिथेच होते, भिंतीखाली. तुमच्या ओसरीतून हाक ऐकू येते."

"हो."

"म्हणजे एक तास होता," बुरुल म्हणाली.

सातिबाल्दीने कानामागे हात नेला, पुढे वाकला. "काय म्हणते पोरगी?"

एसेनकुलने त्याच्याकडे तोंड केलं आणि मोठ्याने, स्पष्ट सांगितलं, "म्हणजे एक तास होता."